बुटातला पिंपळ

मध्यंतरी एका रविवारी पावसाने ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला जायचा बेत बुडवला, म्हणून घरातच सिनेमा लावला. 'वॉल-ई', 2008 सालचा. माणसांनी पृथ्वीचा उकिरडा केलाय, स्वतः अंतराळयानात बसून निघून गेलीत आणि मागे राहिलेला एक गंजका रोबो 700 वर्षं कचरा दाबून त्याचे ठोकळे करतोय. सुरुवातीला बराच वेळ कोणी बोलतच नाही, त्यामुळे सासूबाईंचंही काही अडलं नाही. रोबोला हिऱ्याची अंगठी सापडते, तर हा पठ्ठ्या अंगठी फेकतो आणि डबी ठेवून घेतो. "आपल्यातलाच आहे हो हा," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे श्रीखंडाचे डबे कोण जमवतं ते वेगळं सांगायला नको.

पुढे त्याला एका जुन्या फ्रिजमध्ये रोप सापडतं. इवलंसं. तो ते एका टाकून दिलेल्या बुटात लावतो आणि मग त्या एवढ्याशा रोपापायी यानभर पळापळ. मनू उशी कवटाळून बघत होती. मी मात्र चुळबुळत होते. कारण आमच्या बाथरूमच्या खिडकीबाहेर, ड्रेनेजच्या पाइपाला लागून एक पिंपळ आला होता आणि बुधवारी त्याला काढायला प्लंबर येणार होता.

पिंपळाला कोणी लावावं लागत नाही. साळुंकी फळ खाते, उडता उडता शिटते, बी भिंतीच्या फटीत पडतं. चिमूटभर धूळ आणि थोडी गळती एवढं भांडवल त्याला पुरतं. पण मग मुळं फट रुंद करत जातात आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल येते. काकांचं काही चुकत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता. सिनेमा तेव्हा पाहिलेला नव्हता, एवढंच.

"आपण बुटात लावू या," मनू म्हणाली. बूट होताच. गेल्या जूनमध्ये घेतलेला गमबूट, या जूनमध्ये पाय जाईना. मी गॅसवर स्क्रूड्रायव्हर तापवून तळाला भोकं पाडली. घरभर रबराचा वास. पर्यावरणासाठी एवढं चालायचं.

प्लंबरदादांना सांगितलं, जमलं तर मुळासकट द्या. दोरीला लटकून त्यांनी अर्धं मूळ तुटलेला पिंपळ माझ्या हातात ठेवला. "ताई, काळजी करू नका, मरत नाही हा. आमचं पोट यांच्यावरच आहे."

सासूबाईंना पसंत नव्हतं. पिंपळ घरात ठेवत नाहीत, त्यावर मुंजा असतो. मनूने विचारलं, मुंजा बॅटरीवर चालतो का?

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. गमबुटात पिंपळ किती दिवस राहणार? जमिनीतच लावायला हवा. खाली सोसायटीत पाहिलं, तर पार्किंगच्या स्लॅबवर हात-दीड हात माती, तीत शोभेची पामची झाडं. बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. घोडबंदर रोडच्या फुटपाथखाली केबल आणि गटार. नवरा म्हणाला, येऊरला नेऊन लावू. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, आपली गॅलरी नव्हे. शिवाय तिथे ते काम पक्षी आपल्यापेक्षा चांगलं करतात. गावच्या घरामागे लावावा, तर तिथे आता चुलतदिरांनी शेड टाकली आहे.

म्हणजे सिनेमातल्या लोकांना सगळी पृथ्वी मोकळी होती आणि रोप मिळत नव्हतं. आमच्याकडे रोपं आपणहून येतात, खिडकीशी येऊन उभी राहतात, आणि आम्ही माणूस बोलावून ती काढून टाकतो. चार हात जमीन मात्र सापडत नाही. त्या दिग्दर्शकाला ठाण्याची कल्पना असायचं कारण नाही.

तूर्त बूट गॅलरीत आहे. जुनी पानं गळली, मग एक नवं आलं, तांबूस, तेल लावल्यासारखं. पाणी मनूच घालते, जरा जास्तच, त्यामुळे खालच्या काकांचा फोन येऊन गेला. त्यांना मी पाऊस आहे म्हणाले.

काल बाथरूमची खिडकी पुसताना पाइपाकडे लक्ष गेलं. त्याच फटीत पुन्हा दोन पानं. सोसायटीच्या ग्रुपवर अजून टाकलेलं नाही. दुसरा गमबूट कुठे ठेवलाय, ते मनूला विचारायचंय.