अडीच न्यूटनचा हिशोब

बॉडीला अजून रंग लागलेला नाही, पण गाडी आता स्वतःच्या चाकांवर धावते आहे. पुढे दोन चाकं, मागे एक, मोटर मागच्या चाकाला. स्पर्धा आहे शेल इको-मॅरेथॉन, म्हणजे कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त अंतर जाण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा, आणि त्यातला आमचा गट बॅटरी-इलेक्ट्रिक प्रोटोटाइप. इथे वेगाची चुरस नसते. एका किलोवॉट-तासात किती किलोमीटर जाता, एवढंच मोजतात. सरासरी ताशी 25 किलोमीटरच्या आसपास राखली की झालं.

सध्या सगळा वेळ कोस्ट-डाउनमध्ये, म्हणजे मोटर बंद करून गाडी नुसती वाहू द्यायची आणि वेग कसा घटतो ते मोजायचं यात, जातो आहे, आणि तो जायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. हिशोब बघा. चालकासकट वजन 95 किलो. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (टायर घरंगळताना होणारा विरोध) गुणांक 0.0015 धरला तर विरोध येतो 1.4 न्यूटन. ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवा किती अडवते त्याचं माप) आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार आम्ही 0.036 चौरस मीटर धरला आहे, त्यातून हवेचा आणखी साधारण एक न्यूटन. एकूण अडीच न्यूटनच्या आत. पाव किलो साखर उचलायला हाताला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात माणसासकट गाडी पळते! कागदावर हे किलोवॉट-तासाला 1,500 किलोमीटरच्या जवळ जातं. मोटर, कंट्रोलर, वळणं आणि थांबून पुन्हा निघणं यांचा वाटा वजा केला की आकडा बराच खाली येतो.

विरोध इतका कमी असला की मोजणंच अवघड होऊन बसतं. किलोमीटरला फक्त एक मीटर उतार, जो डोळ्याला दिसतही नाही, तो रोलिंग रेझिस्टन्सचा दोन-तृतीयांश भाग खाऊन टाकतो. म्हणून प्रत्येक धाव त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी घ्यायची आणि सरासरी काढायची. उतार असा कटतो, वारा मात्र पूर्ण कटत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पहाटे, पान हलत नसताना चाचणी. टायरमधली हवा आणि तापमान दर वेळी लिहून ठेवायचं. थंड टायर जास्त ओढतो.

यातून सगळ्यात मोठा फायदा कुठे दिसला? टोमध्ये, म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात त्या कोनात. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर नसतील तर टायर सतत थोडा आडवा घासत जातो. आडवा जोर कोनाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यातला मागे ओढणारा भागही कोनाच्याच प्रमाणात, म्हणून तोटा कोनाच्या वर्गाने वाढतो. कोन निम्मा केला की तोटा पावपट. याउलट गाडीचं वजन एक किलोने उतरवलं तर एकूण विरोध जेमतेम 0.6 टक्के घटतो. कार्बन फायबरच्या मागे लागण्याआधी दोन्ही बाजूंना दोरी ताणून टो मोजा, आणि मोजताना चालक आत बसलेला हवा. त्याच्या वजनाने चासिस वाकते आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेला टो बदलतो. नियमानुसार प्रोटोटाइपच्या चालकाचं वजन किमान 50 किलो लागतं, म्हणजे हा भार लहान नाही.

बेअरिंगचे रबर सील काढून ग्रीसऐवजी पातळ तेल घातलं. चाक हाताने फिरवलं तरी फरक कळतो. ब्रेक पॅड डिस्कला टेकत नाहीत ना, हे प्रत्येक धावेआधी बघतो.

पुढचं काम फ्रीव्हीलचं, म्हणजे सायकलसारखं, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाचं. मोटर कमी लोडवर सतत चालवली तर तिची कार्यक्षमता पडते, म्हणून थोडा वेळ जोर देऊन वेग घ्यायचा आणि मग मोटर बंद करून गाडी नुसती वाहू द्यायची. पण चाकासोबत मोटर फिरत राहिली तर तिच्यातले चुंबक आणि लोखंड मिळून त्याच अडीच न्यूटनमध्ये भर घालतात. फ्रीव्हील बसला की मोटर सुटी होईल. मग त्याच पट्ट्यावर फ्रीव्हीलसह आणि फ्रीव्हीलशिवाय, दोन्हींचे कोस्ट-डाउन घेऊ आणि आलेख टाकू.