शृंगारपूरहून प्रचितगड: चांदोलीत खालून शिरताना

चांदोली म्हटलं की बोलणं वारणेचं धरण आणि मणदूरवर येऊन थांबतं, म्हणजे सगळं घाटावरचं. पण या राष्ट्रीय उद्यानाची पश्चिमेची भिंत आपल्या संगमेश्वर तालुक्याच्या डोक्यावर उभी आहे. शास्त्री या डोंगरातून खाली उडी घेऊन जयगडच्या खाडीला जाते. वारणा त्याच डोंगराला पाठ लावून पूर्वेला कृष्णेकडे निघते. खालून वर जायचं तर संगमेश्वर, कसबा, नायरी करत शृंगारपूर गाठायचं आणि तिथून प्रचितगड.

गड राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. गावात वाटाड्या ठरला की काम झालं असं वाटतं. तसं नाही. 2004 पासून हे राष्ट्रीय उद्यान आणि 2010 पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव विभागाची परवानगी आधी, वाटाड्या नंतर. अर्जात सगळ्यांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख, चढायची-उतरायची वाट आणि घरच्या एकाचा फोन नंबर लिहितो. शृंगारपूरहून चढून पाथरपुंजकडे उतरायचा बेत असेल तर तो आधीच स्पष्ट लिहावा; एका वाटेच्या कागदावर दुसरी वाट धरता येत नाही. मुक्काम गृहीत धरू नये. मी आठ-दहा दिवस हाताशी ठेवतो आणि परवानगीचा छापील कागद खिशात ठेवतो. मोबाइलमधला कागद रेंज गेल्यावर आणि बॅटरी संपल्यावर कोणाला दाखवणार?

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीतलेच बरे. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. ते उघडलं तरी सुरुवातीला गवत कमरेएवढं आणि पहाटे चिंब ओलं, त्यात गोचिडं. मार्चनंतर कडा तापतो आणि वणव्याची भीती असते. विडी-काडी आणि स्टोव्ह खालीच ठेवून यावं.

चढायला साडेतीन ते चार तास लागतात. उजाडताच निघालं की दहाच्या आसपास शेवटच्या कड्याच्या शिडीशी पोहोचता येतं. माणशी चार लिटर पाणी घ्यावं. गडावर टाकी आहेत, पण तिथपर्यंतचा घाम कोकणातला आहे, त्यामुळे नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखर घातलेली एक बाटली वेगळी ठेवतो.

वाट चुकते ती पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडल्यावर. समोर दोन मळलेल्या वाटा दिसतात, आणि त्यातली रुंद, सोपी दिसणारी बरेचदा गव्यांची निघते. ती छान वर नेते आणि कारवीच्या जाळीत नाहीतर पाणवठ्यावर सोडून देते. ओळखायची खूण पायाखाली नाही, खांद्याच्या उंचीला बघायची. माणसाच्या वाटेवर कोयत्याने तिरप्या तोडलेल्या फांद्यांची टोकं दिसतात. गव्याच्या वाटेवर फांद्या मोडलेल्या, पिरगाळलेल्या असतात. खाली दुभंगलेल्या खुरांचे ताटलीएवढे ठसे आणि शेणाचे पो. शंभर पावलांत एकही कोयत्याची खूण दिसली नाही तर सरळ मागे फिरावं.

शेवटचा टप्पा उभ्या कड्याचा, लोखंडी शिडीचा. एका वेळी एकच माणूस. खालच्यांनी शिडीच्या रेषेत उभं राहायचं नाही, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड तिथेच येतो. सॅकचे पट्टे आवळावेत, काठी बाहेर लोंबती ठेवू नये. दुपारी लोखंड हाताला चटके देतं, म्हणून उतरायलाही फार उशीर नको. कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, आल्या वाटेने झाडीत शिरायचं. शिडीवर असताना मात्र दोन्ही हात शिडीलाच.

वाघ बघायला या वाटेने येऊ नये. 2023 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला, तरी पायी चढणाऱ्याला दिसतात त्या खुणा. वाटेच्या तिठ्यावर एकाच जागी केसाळ विष्ठेचे चार-सहा ढीग दिसले तर कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप. डोक्यावरून कुरतडलेल्या कोवळ्या फांद्या पडल्या तर शेकरू. समोर एकटा गवा आला तर थांबायचं, त्याला त्याची दिशा निवडू द्यायची, आणि त्याच्या व उताराच्या मधे उभं राहायचं नाही. फोटोसाठी जवळ सरकणारा एक तरी प्रत्येक गटात असतोच. त्याला शेवटून दुसरा चालवावा, वाटाड्याच्या डोळ्यांसमोर.

बरोबर म्हातारी माणसं असतील तर हा नाद सोडून आंबा घाट, मलकापूर, कोकरूडवरून मणदूर गाठावं. रत्नागिरीहून चार तास धरावेत. फाटकावरून गाडीने झोळंबीच्या सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या पठारापर्यंत, जाता येतं. कातळ आपल्याच सड्यासारखा, फक्त वारा गार.

खाली आल्यावर आधी चहा नको, आधी मोजे काढा. गोचीड मोज्याच्या शिवणीशी, गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली बसते. तिच्यावर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. बारीक चिमट्याने तोंडाशी, कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगावं. दोडामार्गात गोचिडीतून होणारा माकडताप येऊन गेलेला आहे, आणि आपण सांगितलं नाही तर तपासणी मलेरिया-डेंगीपाशीच थांबते.