ठिपका खडकातला की काचेवरचा?

मी इकडे अमेरिकेत एका आर्काइव्हमध्ये जुने फोटो स्कॅन करायचं काम करतो. मागे व्हीलर सर्व्हेच्या (अमेरिकेच्या पश्चिम भागाची जुनी सरकारी पाहणी) स्टिरिओ कार्डांचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन जवळपास सारखे फोटो असलेल्या कार्डांचा, एक डबा हातात आला, त्यात सर्व्हेचा फोटोग्राफर टिमथी ओसलिव्हनने 1871 ला कोलोरॅडो नदीच्या सफरीत काढलेलं एक कार्ड होतं. वाऱ्यासोबतच्या रेतीने खालून खाऊन खाऊन बारीक केलेला खडक. (रेती फार वर उडत नाही, जमिनीलगतच उड्या मारत जाते, म्हणून असे खडक बुडाशी जास्त झिजतात.)

एका प्रकाशकाला याची 'क्लीन' कॉपी हवी होती, आणि आमच्याकडे इंटर्नशिपला आलेला नागपूरचा पोरगा खडकावरचे काळे ठिपके फोटोशॉपमध्ये भराभर पुसत सुटला. म्हटलं थांब रे बाबा, यातले कितीतरी रेतीने पाडलेले खड्डे असतील, त्यासाठीच तर फोटो काढलाय. तर म्हणे, "मग दादा, ओळखायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा फोटो काढायची पद्धत वेट कोलोडियन, म्हणजे काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओता, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवा, ओली आहे तोवर एक्स्पोज करा आणि लगेच डेव्हलप करा, हे सगळं वाळवंटात! ओल्या चिकट काचेवर धूळ बसणारच, तो कण निघाला की निगेटिव्हमध्ये भोक आणि प्रिंटवर काळा ठिपका. खड्ड्यातली सावलीही काळीच.

पण स्टिरिओ कॅमेऱ्याला लेन्स दोन, त्यामुळे खड्डा खरा असेल तर तो दोन्ही चित्रांत हवा, जरासा सरकलेला, आणि काचेवरचा डाग एकाच चित्रात. मग काय, दोन्ही अर्धे झूम करून शेजारी शेजारी लावले आणि दुपारभर एकेक ठिपका तपासत बसलो. खडकाच्या कमरेशी मुगाएवढा एक ठिपका होता, पोरगा पैज लावायला तयार की हा डागच, तो निघाला दोन्हीकडे, कडेला उन्हाची बारीक रेघसुद्धा. आणि वरची भोकांची देखणी रांग, जी बघून कोणीही रेतीची करामत म्हणेल, ती फक्त उजवीकडे!

संध्याकाळी प्रकाशकाचा मेल, आकाश फार रिकामं वाटतंय, थोडे ढग टाकता येतील का. अहो, कोलोडियनवर निळ्या प्रकाशाचा इतका जोरात परिणाम होतो की प्रिंटवर आकाश पांढरंफटकच येतं. त्या काळी काहीजण दुसऱ्या निगेटिव्हवरून ढग छापायचे हे खरं, पण हा सर्व्हेचा फोटो आहे. नकाराचा मेल पोराने लिहिला, माझ्यापेक्षा बराच कडक होता, तोच पाठवला.