मेम्फिसला जाणारे दोन पॅनेल

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून सगळे झोपलेले असताना जमीन हलली. तोवर किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्यात धरलेला होता. पुढे २००२ च्या आयएस १८९३ मधून, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकातून, झोन १ काढूनच टाकला. तेव्हापासून 'झोन' हा शब्द डोक्यात घट्ट बसलेला. चाकणला इलेक्ट्रिकल पॅनेलचं डिझाइन करू लागलो आणि टेनेसीतल्या मेम्फिसची ऑर्डर आली, तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला: तुमचा सिस्मिक झोन कोणता?

उत्तर आलं: झोन नाही, कॅटेगरी डी. एका पॅनेलला आयपी १.०, दुसऱ्याला १.५.

पॅनेलवाल्यांच्या भाषेत आयपी म्हणजे आयपी-५४ वगैरे, धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण. इथे तो होता 'महत्त्व-गुणक', म्हणजे ते यंत्र किती महत्त्वाचं आहे हे सांगणारा आकडा. हे कळायलाच दोन दिवस गेले. मग एएससीई ७ या, इमारतींवर येणाऱ्या बलांच्या अमेरिकी मानकाची २०१६ ची आवृत्ती घेऊन बसलो.

अमेरिकेतही १९९७ च्या युनिफॉर्म बिल्डिंग कोडपर्यंत झोनच होते. २००० च्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने ए ते एफ ही कॅटेगरीची अक्षरं आणली. हे अक्षर गावाचं नसतं, यंत्राचंही नसतं. ते इमारतीचं असतं. त्या जागी जमीन किती हलू शकते, खालची माती कशी आहे आणि इमारत कशासाठी आहे, या तिन्हींवरून ते ठरतं. त्यामुळे एकाच शहरात खडकावरचं गोदाम सी आणि मऊ मातीवरचं रुग्णालय डी असू शकतं. मातीची तपासणी झाली नसेल, तर २०१६ च्या आवृत्तीत सहसा 'साइट क्लास डी' ही घट्ट माती धरायची होती; हा डी मातीचा, कॅटेगरीचा नव्हे. मेम्फिस कॅलिफोर्नियापासून कितीतरी दूर, पण १८११-१२ च्या न्यू माद्रिद भूकंपांचा पट्टा जवळच आहे. आमच्या जागेचा एसडीएस, म्हणजे डिझाइनसाठी धरायच्या हादऱ्याची तीव्रता सांगणारा आकडा, ०.७ आला. ०.५ च्या वर गेलं की साधा कारखानाही डी मध्ये जातो. तोच सी मध्ये असता, तर आयपी १.० चा पॅनेल नीट बोल्ट केला की पुढच्या हिशेबातून सुटला असता.

आता राहिला गुणक, आणि खरी गोम इथेच होती. दोन्ही पॅनेल एकाच इमारतीत, वजन प्रत्येकी ६०० किलो. पहिला थंड पाण्याच्या पंपांचा. भूकंपात तो बंद पडला तर उत्पादन थांबेल, एवढंच. दुसरा अग्निशमन पंपाचा. भूकंपानंतर आग लागते तेव्हाच तो चालायला हवा, म्हणून १.५.

हिशेब केला. जमिनीवर ठेवलेल्या अग्निशमन पॅनेलला सूत्राने वजनाच्या १७.५ टक्के आडवं बल येत होतं, पण कोडची किमान मर्यादा ३१.५ टक्के, म्हणजे १८९ किलो. तोच पॅनेल छतावर ठेवला असता तर सूत्रातलं बल तिप्पट, ३१५ किलो. मजला विचारल्याशिवाय बोल्ट ठरवू नये, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

पण बोल्ट टिकले म्हणून काम संपत नाही. डी मध्ये १.५ असेल, तर पॅनेल हादऱ्यानंतर चालतो हे सिद्ध करावं लागतं. आम्ही तो बंगळुरूला शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारखे हादरे देणाऱ्या चाचणीच्या मंचावर, नेला. पहिल्या फेरीत सांगाडा जसाच्या तसा, दारही बंद, पण एक रिले, म्हणजे सर्किट चालू-बंद करणारा छोटा स्विच, सॉकेटमधून सुटून लोंबत होता. नुसत्या गणिताने तो कधीच सापडला नसता. सगळ्या रिलेंना पकडक्लिपा लावल्या आणि पुन्हा चाचणी घेतली. टेबल थांबल्यावर स्टार्टचं बटण दाबलं. पंपाला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर खट्कन बसला, हिरवा दिवा लागला.