आनंदी नाव ठेवायचं की नाही

दादाला मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी वहिनीने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आनंदी. फायनल." धडाधड अंगठे आले, बदाम आले, आणि मग मला आजीचा फोन. आजी मेसेज-बिसेज करत नाही, डायरेक्ट फोन. "अगं आनंदीबाई म्हणजे ध चा मा करणारी, माहितीये ना? लेकराच्या कपाळी कशाला ते?" मी पडले आत्या, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम माझं, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांनी मलाच धरलं.

तर मी रात्री वाचत बसले, आणि खरं सांगू का, राघोबादादांच्या आनंदीबाईंवर जरा अन्यायच झालाय असं वाटलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. धरावेचं मारावे बाईंनीच केलं ही आख्यायिका, पण रामशास्त्र्यांनी चौकशी केली तेव्हा दोषी कोण ठरलं, तर राघोबा, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही राघोबालाच. तरी अडीचशे वर्षं झाली, ऑफिसात मेलमधला एक शब्द इकडचा तिकडे झाला की आपण म्हणतो ध चा मा केला, आणि डोळ्यासमोर येते ती बाईच, राघोबा नाहीच येत! नाशिकला गंगापूर रोडने गेलात तर आनंदवल्ली लागतं, तिथे आता सगळे टॉवर झालेत, ते नाव या बाईंवरूनच. मूळ गाव चौंधस, राघोबांनी तिथे वाडा बांधला आणि बायकोचं नाव गावाला दिलं. हे मी आजीला सांगितलं तर म्हणे, "मग? बायकोचा गुलामच होता तो." आता यावर काय बोलणार.

वहिनीच्या डोक्यात अर्थातच डॉक्टर आनंदीबाई होत्या, २०१९ चा तो सिनेमा तिने थिएटरला दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा रडलीये. गोष्ट सगळ्यांना माहितीये, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, मग १८८३ मध्ये नऊवारीतली ती पोरगी कलकत्त्याहून बोटीत बसली ती पेनसिल्व्हेनियाला पोचली, आणि ११ मार्च १८८६ ला एम.डी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती पण डॉक्टरकी करायची राहूनच गेली, क्षयाने गेली पुढच्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्षसुद्धा पुरं नाही झालं. रक्षा गेली अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे आणि अजून तिथेच आहे, पोकिप्सीच्या दफनभूमीत.

पण मी अडकले ते दुसरीकडेच. तिचं नाव आनंदी नव्हतंच मुळात. कल्याणच्या जोशांच्या घरात ती यमुना होती, आनंदी केली गोपाळरावांनी, लग्नात. आणि शुक्रावर एका विवराला तिचं नाव दिलंय ते काय, तर 'जोशी'! म्हणजे माहेरी जोशी सासरी जोशी, आडनाव जिथल्या तिथे राहिलं, बदललं ते फक्त तिचं स्वतःचं नाव, आणि नेमकं तेच शुक्रावर नाही.

मग कर्व्यांची आनंदी. ती मूळची गोदू, देवरुखची, लहानपणीच विधवा झालेली. भावाने मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी ही. आता गंमत बघा, या रमाबाई म्हणजे त्याच, ज्या फिलाडेल्फियाला डॉक्टर आनंदीबाईंच्या पदवीदानाला हजर होत्या, ११ मार्चला. शारदा सदन उघडलं ११ मार्च १८८९ ला. आणि गोदूचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला ११ मार्च १८९३ ला, आणि त्यानंतर ती झाली आनंदी! मी रात्री दीड वाजता उठून नवऱ्याला हलवून हे सांगितलं, तो "बरं" म्हणून कूस बदलून झोपला. पुढे घरादारात सगळे तिला बाया म्हणायला लागले ते वेगळंच, आणि 'माझे पुराण' म्हणून तिने स्वतःची हकिगत लिहिली. मला ही आनंदी सगळ्यात जास्त आवडली, कारण हिचं आयुष्य तिच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

प्रेमचंदांची 'बडे घर की बेटी' मला शाळेत हिंदीच्या धड्यात होती, तिच्यातली सूनही आनंदीच. मांसात सगळं तूप घातलं, वरणाला उरलंच नाही, यावरून दीर खडाऊ फेकून मारतो आणि घर फुटायची वेळ येते. आणि गुलाम अब्बासांच्या उर्दू कथेत तर आनंदी हे गावाचंच नाव, नगरपालिका वेश्यांना शहराबाहेर हाकलते आणि त्यांच्याभोवती हळूहळू नवं शहर उभं राहतं, मग ते शहर पण त्यांना हाकलायला निघतं. बेनेगलांचा 'मंडी' यावरूनच आलाय, बघितला नसेल तर बघाच.

गाण्यात पण आहे बरं का. नंद रागाला आनंदी कल्याणसुद्धा म्हणतात. माझ्या क्लासच्या बाई शिकवायच्या तेव्हा मला वाटायचं कल्याणच्या आनंदीबाईंवरूनच पडलंय ते नाव, आणि मी तसं वर्गात बोलून पण दाखवलं होतं. बाई तंबोरा खाली ठेवून हसल्या होत्या.

हे सगळं घेऊन आजीकडे गेले. तिने निम्मं ऐकलं असेल नसेल, मग म्हणाली, "आमच्या वेळी ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरा अंगठीने नाव लिहायचा. मला वाकून बघायची पण लाज वाटली, शेजारची बाई म्हणाली वाच की गं, तेव्हा कळलं मी आता सुशीला." माहेरची ती द्वारका. पाणी प्यायचा पितळी तांब्या आहे तिच्याकडे, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. द्वारका' घातलेलं अजून दिसतं, तो तांब्या ती दुसऱ्या कुणाला घासायला देत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले पण का ते कधी विचारलं नव्हतं. मग तिनेच विचारलं, "पण हिचं आता पुढे कुणी बदलणार नाही ना?" म्हटलं, नाही गं आजी, वहिनीने स्वतःचं नाही बदलू दिलं. "मग ठेवा आनंदी. पेशव्यांची का असेना."

बारसं परवा रविवारी झालं. पाळण्याखालून बाळ द्यायची वेळ आली, इकडून काकू "गोविंद घ्या", तिकडून मावशी "गोपाळ घ्या", तेवढ्यात पाळण्याच्या डोक्याशी उभा असलेला दादा एकदम ओरडला, "गोविंदच घ्या हो, गोपाळ नको!" आजीला नीट ऐकू आलं नाही, तिने तीनदा विचारलं काय म्हणाला म्हणून, आणि कळलं तेव्हा इतकी हसली की कवळी काढून हातात घ्यावी लागली. या गोंधळात माझं कुर्रर्र राहिलं ते राहिलंच, शेवटी सगळे घुगऱ्या खायला बसल्यावर मी आत जाऊन तिच्या कानात सांगून आले.