वास येत होता आणि मी गप्प होते

पाचवा महिना लागला तसं अंगावरून पांढरं जाणं वाढलं. दिवस गेल्यावर ते थोडं वाढतंच, असं ऐकून होते. पण मग मासळीसारखा वास यायला लागला. मला वाटलं, माझीच स्वच्छता कमी पडतेय. दुकानातून वॉश आणला आणि दिवसातून दोनदा आतपर्यंत धुवायला लागले. नवऱ्यालाही सांगितलं नाही, इतकी लाज वाटली.

शेवटी सासूबाईंच्या कानावर घातलं. "उष्णता झाली असेल, दही-ताक खा," म्हणाल्या. औषधाच्या दुकानात विचारलं तर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मिळाल्या. दहा दिवस दोन्ही केलं. वास तसाच.

डॉक्टरबाईंनी कापसाच्या काडीवर स्राव घेतला, पट्टीवर लावला. पीएच 4.5 च्या वर, म्हणजे आतला आंबटपणा कमी झालेला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा जंतूंनी झाकलेल्या दिसल्या. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. "हे अस्वच्छतेमुळे नाही झालेलं," त्या म्हणाल्या आणि मी तिथेच रडले.

मग त्यांनी नीट समजावलं. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात बाकीच्यांना फार वाढता येत नाही. हे जंतू कमी झाले की गार्डनेरेलासारखे दुसरे माजतात. आतून धुणं तर त्यात भरच घालतं. ही बाटली मी आधी टाकायला हवी होती, याचं आजही वाईट वाटतं.

"मग दही?" मी विचारलं. दह्यातले जंतू त्याच कुळातले, पण योनीत राहणारे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटससारखे जंतू वेगळे. खायला दही उत्तमच, फक्त ते या आजारावरचं औषध नव्हे. कॅप्सूलबद्दलही स्पष्ट बोलल्या: त्यांनी वेळेआधीचं बाळंतपण टळतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. या संसर्गात तो धोका वाढतो, म्हणून माझा सगळा जीव त्या वाक्यात अडकला होता.

मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव, सकाळचा चहासुद्धा नकोसा. चौथ्या दिवशी वास गेला, तरी गोळ्या पूर्ण केल्या. महिन्याभराने पुन्हा तपासलं, ठीक निघालं. हे परत होऊ शकतं, तेव्हा वास जाणवला तर त्याच आठवड्यात यायचं, असं बाईंनी बजावलंय. सध्या सातवा चालू आहे. यांनाही आता सगळं माहीत आहे.