लॉर्ड स्टेअरची वंशावळ लावताना

साताऱ्याकडे वतनाच्या कागदांवरून वंशावळ लावायची सवय असलेला माणूस सतराव्या शतकातल्या स्कॉटिश न्यायाधीशाच्या घरात हमखास चुकतो. जेम्स डॅलरिंपलचं (१६१९–१६९५) घर घ्या. हा कोर्ट ऑफ सेशनचा, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाचा, दोनदा अध्यक्ष: १६७१ ते १६८१ आणि पुन्हा १६८९ पासून मरेपर्यंत. मधल्या काळात धर्मविषयक शपथ नाकारून तो हॉलंडात लायडनला जाऊन राहिला. आपल्याकडे सेशन कोर्ट म्हणजे फौजदारी, तिथे ते पक्कं दिवाणी.

कागदात तो ‘लॉर्ड स्टेअर’. हे आडनाव नाही, त्याच्या जमिनीचं नाव. न्यायाधीश म्हणून लागलेलं ‘लॉर्ड’ त्याच्यापुरतंच. पण १६९० साली त्याला व्हायकाउंट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली, तीही स्टेअरचीच. म्हणून १६९५ ते १७०७ च्या कागदात ‘स्टेअर’ दिसला तर तो थोरला मुलगा जॉन. स्कॉटलंडातल्या ग्लेंको खोऱ्यात १६९२ साली सरकारी सैनिकांनी मॅकडोनाल्ड कुळाची जी कत्तल केली, तिच्यात ज्याचं नाव गुंतलं, तो हाच. बायको मार्गारेट रॉस लग्नानंतरही कागदोपत्री रॉसच राहते; डॅलरिंपल म्हणून शोधलं तर सापडत नाही. बॅलनीलची जमीन तिच्या माहेरची.

जमिनीचा ताबा देताना जागेवर मूठभर माती आणि दगड हातात द्यायचे. त्याचा दस्त १६१७ च्या कायद्याने ६० दिवसांत नोंदवावा लागे. मुदत हुकली की तिऱ्हाइतापुढे तो दस्त टिकत नसे. घरातल्या जमिनीचा माग काढायला ही नोंदवही सगळ्यांत भरवशाची.

आपल्याकडे वडीलपणाचा मान थोरल्याला, पण तक्षिमा सगळ्या भावांना. तिथे जमीन थोरल्याची. धाकट्यांना पोटासाठी पेशा धरावा लागे, म्हणून त्या काळची वकील-न्यायाधीशांची घराणी अशी दाट. या घरात बापाच्याच नावाचा मुलगा जेम्स कोर्टाचा कारकून, ह्यू १६९८ ते १७३७ बापाच्याच खुर्चीवर, डेव्हिड सरकारी वकील. थॉमस तेवढा वैद्यकीकडे गेला.

तारखाही जपून घ्या. स्कॉटलंडात १६०० पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होई, इंग्लंडात १७५२ पर्यंत २५ मार्चला. ग्लेंकोची कत्तल फेब्रुवारीतली, म्हणून लंडनच्या कागदात ती १६९१ ची दिसते.

मुलगी जॅनेटचं लग्न २४ ऑगस्ट १६६९ चं आणि मृत्यू १२ सप्टेंबरचा. पहिल्या रात्री खोलीत काय घडलं याच्या कथा ढीगभर आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. वंशावळीत या दोन तारखाच लिहाव्यात.